व्याह्यांदेखत

शिंदखेड्यात हेमांगीचा साखरपुडा झाला, पंगत बसली आणि वाढता वाढता तिच्या वडिलांचं, अभिमन नानांचं, तोंडच वाकडं झालं. हातातली जिलेबीची परात खाली आदळली. "लकवा! लकवा!" एकच ओरडा झाला. नशिराबादचे नवे व्याही धनसिंगभाऊ भला माणूस. त्यांनी नानांना आपल्याच गाडीत घातलं आणि थेट धुळ्याचं हॉस्पिटल गाठलं.

आता एवढं करणाऱ्याला बाहेर बसा कसं म्हणायचं? नानांच्या पत्नी प्रमिलाबाई पेचात पडल्या. नानांच्या पोटात बाईंनी दिलेली किडनी होती, आणि सोयरीक जुळवताना घरानं ते दडपलं होतं. आजारी माणसाच्या घरची पोर कोण करतो हो!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीचा काही आजार? रोजच्या गोळ्या?"

धनसिंगभाऊ शेजारीच उभे. नानांचा मुलगा भूपेंद्र घाईनं म्हणाला, "काहीच नाही. ठणठणीत आहेत."

"सीटीत रक्तस्राव नाही. मग गुठळी विरघळायचं इंजेक्शन देऊ. उशीर नको."

प्रमिलाबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. कोमट लागलं. लग्न मोडलं तर दुसरं जुळेल, हा माणूस कुठून आणायचा? चुलीत गेली ती अब्रू!

"खोटं बोलतोय तो," त्या म्हणाल्या. "ह्यांना मी किडनी दिलीय. ती टिकायच्या गोळ्या चालू आहेत. डोकं दुखतंय म्हणत होते, बारीक तापही आहे."

डॉक्टरीणबाई थबकल्या. "बरं झालं बोललात. त्या गोळ्यांनी अंगाची रोगाशी लढायची ताकद कमी होते, जंतू मेंदूतही शिरतात. दिसतं मात्र हुबेहूब लकव्यासारखं. हे इंजेक्शन तर जिवावर बेतलं असतं."

एमआरआयमध्ये तेच निघालं. मेंदूत पू धरला होता. तो काढला, औषधं सुरू झाली.

धनसिंगभाऊ त्या दिवशी तडक गाडी काढून निघून गेले. प्रमिलाबाईंनी लग्नावर पाणी सोडलं. पण पुढच्या आठवड्यात तेच हॉस्पिटलातल्या खोलीच्या दारात उभे, हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींचा डबा. "लपाडं त्याना राग शे," ते म्हणाले. लपवलं, एवढाच काय तो राग. "पोरनी काय चूक? लगीन व्हई."

नाना सावकाश सुधारले. धड बोलता आलं, तशी आधी बायकोवरच तोफ डागली, "कोणले सांगानं नही, असं ठरेल व्हतं ना? आन तू व्याहीदेखत सांगी दिधं?"

प्रमिलाबाईंना हसूही आलं आणि रडूही.

"किडनी मनी शे," स्वतःकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "मी कोणलेबी सांगसू."