घर वहिनींच्या नावावर

शिलाईकाकू ब्लाउजच्या बाहीला अस्तर लावत होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी शिवणाच्या मशीनवर संसार ओढला, म्हणून गल्लीत हेच त्यांचं नाव पडलं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. करपल्याचा वास आला तेव्हा त्यांना वाटलं, चिंधी इस्त्रीला चिकटली. बघतात तर फ्रिजमागच्या बोर्डातून ठिणग्या उडत होत्या आणि खिडकीचा पडदा पेटला होता. काकूंनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला, मग गल्लीला हाक मारली.

बंबवाल्यांनी आग विझवली तोवर स्वयंपाकघराचा कोळसा झाला होता. बाहेरची आणि आतली खोली मात्र देवाच्या कृपेने वाचली. मशीनही आणि गिऱ्हाइकांचे कपडेही.

दीर आणि जाऊ धावत आले.

"गॅस चालू ठेवून मशीनवर बसला असाल, ताई," जाऊ म्हणाली.

"बोर्डातून ठिणग्या उडाल्या गं."

"असतील बाई. आम्ही कुठं होतो बघायला?"

दिराला वेगळंच आठवलं होतं. "वहिनी, दादाच्या मागे घराचा विमा तुमच्या नावावर झाला ना? हप्ते चालू आहेत?"

"दरवर्षी भरते."

"मग रडता कशाला? मी बघतो सगळं."

बाईचा नवरा गेला की "मी बघतो" म्हणणारे पुष्कळ निघतात. त्यांनी बघायचं आणि तिने डोळे मिटून घ्यायचे, अशी आपल्याकडची रीत. या रीतीला आपण आधार म्हणतो, आणि म्हणूनच ती कोणाला टोचत नाही.

विमा कंपनीला फोन दिरानेच लावला. "बाईमाणूस आहे, माझ्याशीच बोला." पण पलीकडची मुलगी ऐकेना, तेव्हा नाइलाजाने त्याने फोन वहिनींच्या कानाला लावला.

"काकू, जळलेलं काही टाकू नका, धुऊ-पुसू नका. फोटो काढून ठेवा. नुकसान बघायला सर्वेअर येतील. ते खोदून खोदून विचारतील, घाबरू नका. जे झालं ते..."

"कळलं, कळलं!" दिराने फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात टेम्पो थांबला. त्यातून काळंठिक्कर पडलेलं एक शिवणाचं मशीन उतरलं.

"भावजी, हे काय?"

"भंगारवाल्याकडून आणलंय. हे इथे ठेवायचं, तुमचं आमच्या घरी न्यायचं. कंपनी कापाकापी करणारच, मग आपण आधीच वाढवून मागायचं. सगळं जग असंच करतं."

"आणि माझं मशीन परत कधी?"

"घ्या! सख्ख्या दिरावर संशय!"

"आजवर कोणी केलं तुमचं?" जावेने पदर खोचत ठसक्यात विचारलं. दोघांनी मशीन उचललं. जाताजाता दीर म्हणाला, "पैसे माझ्याच खात्यात घेऊ. बँकेत खेटे कुठे घालत बसाल?"

टेम्पो गेला. काकू रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. मशीन गेलं, पैसेही तिकडेच जाणार. उद्या घराचे कागदही "जपून ठेवतो" म्हणाले तर? मन दुसऱ्यावर शंका घ्यायला धजेना आणि गप्पही बसेना. त्या कळवळून म्हणाल्या, "देवा, संशय घेणं पाप असेल, तर दिसत असून न बघणं काय आहे?"

सर्वेअर आला तो एक किडकिडीत, हळू बोलणारा माणूस. दिराने काकूंना जावेसोबत आतल्या खोलीत बसवलं. "बायकांनी मध्ये बोलू नका. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळं बोंबलेल."

दाराआडून काकूंना सगळं ऐकू येत होतं.

"आग लागली तेव्हा घरात कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग मेन स्विच कोणी बंद केला?"

दीर खाकरला. "शेजाऱ्यांनी."

पावलं बाहेरच्या खोलीत आली. "हे मशीन इथेच जळलं?"

"इथेच, याच कोपऱ्यात."

"अन् मागची भिंत पांढरीशुभ्र? खालच्या सतरंजीलाही झळ नाही? मोठी समजूतदार आग होती म्हणायची." मग तो म्हणाला, "विमा ज्यांच्या नावावर आहे त्यांना बोलवा."

"त्या दुःखात आहेत हो."

"आम्ही माणसांना दुःखातच भेटतो, साहेब. आमचा धंदाच तसा."

काकू उठल्या. जावेने हात धरला. "जाऊ नका ताई! यांची अब्रू जाईल."

"आणि माझं घर?" काकूंनी हात सोडवला आणि त्या बाहेर आल्या.

"हे मशीन माझं नाही, दादा. हे तर पोती शिवायचं आहे, मी ब्लाउज शिवते. माझं मशीन धडधाकट आहे, भावजींकडे नेलंय. जळलं ते फक्त स्वयंपाकघर. तेव्हा घरात मी होते, स्विचही मीच बंद केला. आता विचारा काय विचारायचं ते."

"वहिनी, वेड लागलं का?" दीर ओरडला. "तुमच्यासाठीच राबतोय मी!"

सर्वेअरने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "बाई, खोटी वस्तू दाखवली की खरा दावाही बुडू शकतो. गुन्हा नोंदवला गेला तर नाव तुमचं लागेल. ठाऊक आहे?"

काकूंच्या मनात आलं, नाव आपलं, तोंड दुसऱ्याचं! पण त्या आत गेल्या नाहीत.

"ठाऊक नव्हतं. पण कोणी सांगितलं नाही म्हणून खोटं खरं होत नाही."

मग त्याने उलटसुलट विचारलं. फ्रिज किती जुना, वायरिंग कधी तपासलं, कोणाशी भांडण आहे का. शेवटी खाली बघत म्हणाला, "विचारावं लागतं. आग तुम्हीच तर लावली नाही ना?"

"नाही. पण तुम्ही विचारलंत तरी. घरच्यांनी न विचारताच ठरवून टाकलं होतं."

तो पहिल्यांदाच हसला. "घडलं ते लिहीन, या मशीनसकट. निर्णय कंपनीचा. जुन्या फ्रिजला नव्याची किंमत मिळणार नाही. कदाचित काहीच मिळणार नाही."

"चालेल. पुढचं काही असलं तर मला कळवा. फोन माझा लिहून घ्या."

सर्वेअर गेला, त्याच्या मागोमाग दीरही दार आपटून गेला. "आजपासून आमचा तुमचा संबंध संपला!"

काकूंना वाटलं, जाऊही जाईल. ती दाराच्या चौकटीला धरून उभीच होती. काकू बोलणी खायची तयारी करून थांबल्या.

"तुमचं मशीन मी आणून देते, ताई. हे घरी असले तरी आणते." मग रस्त्याकडे एकदा बघून तिने आवाज अगदी खाली आणला. "यांनी माझ्या कितीतरी सह्या घेतल्यात. कशावर, ते मी कधी विचारलं नाही. माझ्या नावावर काय काय करून ठेवलंय, ते कोणाला विचारायचं हो?"

काकूंनी खुर्चीवरची राख झटकली आणि तिला जवळ बसवलं. "उद्या आपण दोघी मिळून विचारायला जाऊ."

वाचकहो, जावेचा हा प्रश्न तुमच्या घरात अजून कोणी विचारलेला नसेल, तर तेवढ्याने निर्धास्त होऊ नका. आज घरी जाल तेव्हा आपल्या माउलीला, बहिणीला, वहिनीला तिच्या नावावर काय आहे ते तिने न विचारताच सांगा. सांगताना जीभ अडखळली, तर का अडखळली, ते देवाला ठाऊक आहे.