दुसरा बिघाड

ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून तिने पेटीचं झाकण उघडलं आणि हत्यारं एकेक करून बाहेर मांडायला घेतली. आधी जॅक, मग त्याची दांडी, मग चाकांचा मोठा पाना. वस्तू ठेवताना ती कशासाठी हे मोठ्याने सांगायचं, असा या यार्डाचा रिवाज होता. जी सांगता आली नाही ती बाजूला पडायची. गाडीत उगाच ओझं नको.

"पक्कड. तार कापायला, वाकवायला. इंजिनचा जास्तीचा पट्टा. फ्यूज. पितळी सांधे, हवेचा पाइप फुटला तर जोडायला. ही साबणाच्या पाण्याची बाटली."

"अंघोळीला," डबल म्हणाला. "अंघोळीला असेल." तो प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचा, म्हणून त्याचं हे नाव पडलं होतं.

"तुम्हाला लागली तर मागा, काका. लाजू नका."

ताडपत्रीभोवती उभे असलेले चार-पाच ड्रायव्हर हसले. यार्डाचा मिस्त्री हसला नाही. तो उकिडवा बसून प्रत्येक हत्यार हातात घेत होता, उलटंपालटं करून परत होतं तिथे ठेवत होता. एक तोंड झिजलेला पाना त्याने जरा जास्त वेळ धरला. बाबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे लोखंड गुळगुळीत झालं होतं. मिस्त्रीने तोही खाली ठेवला.

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. ते रस्त्यावर गेले नाहीत. घरीच, खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधता बांधता गेले. त्याआधी दोन वर्षं ती त्यांच्या शेजारच्या सीटवर होती, आणि शेवटचे सहा महिने बहुतेक वेळ तीच चालवायची. बाबा खिडकीला डोकं टेकून डोळे मिटत आणि गिअर चुकला की डोळे न उघडता हुं म्हणत. पण कागदावर ती जोडीदारच होती. एकटीने लांबच्या रस्त्याला गाडी न्यायची तर पेटी उघडावी लागते, आणि मग परीक्षेचा एक तास द्यावा लागतो. तो दिला नाही तर सोमवारपासून बाबांच्या सात नंबरच्या गाडीवर दुसरा माणूस बसणार होता. मुकादमाने हे तिला तोंडावर सांगितलं होतं, आणि सांगताना तिच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं.

पेटी घरातून उचलताना आई दारात आडवी आली होती. ते ठेवून गेलेत तशीच असू दे, म्हणाली. तीन महिने तिने त्या पेटीवरची धूळही झटकली नव्हती. शेवटी लेकीने पेटी उचलली, तेव्हा आईने दुसऱ्या बाजूची कडी धरली आणि फाटकापर्यंत हात दिला.

"झालं?" मुकादमाने विचारलं.

मिस्त्रीने मान हलवली. एकही वस्तू बाजूला पडली नव्हती.

"मग जा, चहा घे."

हाही रिवाजच. उमेदवाराने ऑफिसच्या मागे जाऊन चहा घ्यायचा आणि तेवढ्यात जुन्या ड्रायव्हरांनी गाडी बिघडवून ठेवायची. मग एक तास. हत्यार फक्त स्वतःच्या पेटीतलं, मदत कुणाची नाही. जमलं तर गाडी तुमची. नाही तर पुन्हा वर्षाने या. या यार्डात चांगल्या चांगल्यांनी त्या तासात हात टेकले होते. डबल स्वतः दोनदा नापास झाला होता, आणि ते त्याच्या नावाला शोभलं असं सगळे म्हणत.

ती भिंतीला पाठ लावून चहा पीत बसली. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. ना पान्याचा खणखणाट, ना कुणाचं बोलणं. मग बॉनेट लावल्याचा आवाज, अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावावं तसा.

ती गाडीत चढून बसल्यावर मुकादमाने घड्याळ बघून हात खाली केला. तिने किल्ली फिरवली. दिवाही लागला नाही. ती खाली उतरली, बॅटरीचं झाकण काढलं. एका टोकाची तार नुसती वर टेकवून ठेवली होती. तिने ती बसवली, नट आवळला, वर चढून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

तीन मिनिटं झाली होती.

"झालं," मुकादम म्हणाला. त्याने आधीच परवान्याचा कागद बाहेर काढला होता. "सोमवारी सकाळी सहाला ये."

ड्रायव्हर पांगायला लागले. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि कागदाला हात लावला नाही.

"काका, हे काय आहे?"

"पास झालीस. अजून काय पाहिजे?"

"बॅटरीची तार शाळेतलं पोरसुद्धा लावेल. बाईमाणूस म्हणून दिलंत की बाप मेला म्हणून?"

मुकादमाने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री हाताला तेल नसतानाही फडक्याला हात पुसत होता.

"तसं नाही," तो म्हणाला. "डिझेलची लाइन ढिली करायचं ठरलं होतं. मी डबलला म्हटलं तू कर. तो म्हणाला तू कर. सगळ्यांना विचारून झालं." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "तुझ्या बापाच्या गाडीचा नट उलटा फिरवायला कुणाचा हात होईना. तार मीच काढली. तेवढंच जमलं."

तिने गाडीच्या काचेकडे बघितलं. तीन महिने ही गाडी यार्डाच्या कोपऱ्यात उभी होती. येता-जाता तिला दिसायचं, की काचा कुणीतरी पुसून ठेवतंय. तिला वाटायचं, मुकादमाने सांगितलं असेल.

मग ती ताडपत्रीकडे गेली. तो झिजलेला पाना उचलला आणि मिस्त्रीपुढे धरला.

"घ्या. बाबा असते तर तुमच्या हातात हाच दिला असता, आणि वर दोन शिव्या दिल्या असत्या. नीट बिघडवा. मी परत जाऊन बसते."

"अगं, कागद झालाय ना."

"मुकादम काका, वाटेत मी बंद पडले तर तुमचा हा कागद फुंकर घालून गाडी चालू करेल का?"

डबलने तिच्या हातातून पाना काढून घेतला.

"पोरीचं खरं आहे," तो म्हणाला. "खरं आहे पोरीचं."

या वेळी भिंतीमागे तिला सगळं ऐकू आलं. पाना घसरल्याचा आवाज, मिस्त्रीचं वैतागणं, डबलचं दोनदा दिलेलं उत्तर, आणि मग कुणीतरी, बाबा एकदा उतारावर गाडी लावून तिथेच जेवायला बसल्याचा किस्सा काढला, तेव्हा फुटलेलं हसू. तीन महिन्यांत या यार्डात त्यांचं नाव काढून कुणी हसलेलं तिने ऐकलं नव्हतं. तिने कपातला गार चहा एका घोटात संपवला.

तास पुन्हा पहिल्यापासून लावला. या खेपेला गाडी सुरू झाली, दोन क्षण चालली आणि खोकून बंद पडली. पुन्हा किल्ली, पुन्हा नुसतीच घरघर. तिसऱ्यांदा तिने किल्ली फिरवली नाही. बॅटरी उतरवून कुणाचं भलं होणार नव्हतं. बॉनेट उघडून ती डिझेलच्या पाइपावरून टाकीच्या बाजूने बोट फिरवत आली. फिल्टरच्या मागे, हात जेमतेम पोचेल अशा जागी, बोट ओलं झालं. नट ढिला होता आणि लाइनमध्ये हवा शिरली होती. तिने नट आवळला, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबत राहिली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू परत बसवेपर्यंत कोपरापर्यंत तिचा हात भिजला होता.

इंजिन लागलं आणि लागूनच राहिलं. बाहेरून कुणीतरी शिट्टी मारली. चोवीस मिनिटं.

ती खाली उतरली नाही. समोरची ब्रेकच्या हवेची सुई चढत होती, पण दमल्यासारखी. पूर्ण चढल्यावर तिने इंजिन बंद केलं आणि सुईकडे बघत बसली. सुई उतरायला लागली.

"उतर की आता," मुकादम म्हणाला.

तिने हात वर करून त्याला थांबवलं. उतरून चाकांना लाकडी ठोकळे लावले, मग बाटली घेऊन मागच्या चाकांजवळ गाडीखाली शिरली. कान दिला तेव्हा अगदी बारीक फुसफुस ऐकू आली. साबणाचं पाणी तिने प्रत्येक सांध्यावर टाकलं. कुठेच फेस नाही. मग सांधा सोडून मधल्या पाइपावर टाकलं, आणि जिथे तो लोखंडी पट्टीला घासत होता तिथे पांढरा फुगा आला, फुटला, पुन्हा आला.

पुढची पंचवीस मिनिटं बाहेर उभ्या असलेल्यांना फक्त तिचे बूट दिसत होते. तिने हवेची टाकी रिकामी केली, खराब तुकडा ब्लेडने कापला, पितळी सांध्यात पाइपाची दोन्ही टोकं बसवून आवळली, आणि पट्टीला पुन्हा घासू नये म्हणून त्यावर जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून तारेने बांधलं. इंजिन लावलं, हवा भरली, इंजिन बंद केलं. सुई जागची हलली नाही.

"दोन झाले," ती खाली उतरत म्हणाली. "दुसरा जरा जास्तच केलात. माझी पाठ गेली."

मिस्त्री आणि डबलने एकमेकांकडे बघितलं.

"आम्ही एकच केला होता," मिस्त्री म्हणाला.

तिने कापलेला तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उजेडात धरला. भोक सुईच्या अग्राएवढं होतं, भोवतीचा पाइप घासून कागदासारखा पातळ झालेला. बाबा होते तोवर दर रविवारी ते गाडीखाली जात. त्यांच्यानंतर कुणी काचांशिवाय कशालाच हात लावला नव्हता.

"घाटात गेला असता हा," मिस्त्री हळूच म्हणाला. "माल भरलेला असताना." मग त्याने मुकादमाकडे न बघताच हात पुढे केला, परवान्याचा कागद घेतला, तिच्या तेलकट बोटांत दिला आणि इतरांकडे वळला. "बघता काय? तिची हत्यारं भरा पेटीत. जशी मांडली होती तशी."

तिघं-चौघं खाली बसले. जॅक कुठल्या अंगाला जायचा यावरून त्यांच्यात लगेच वाद सुरू झाला.

डबल मात्र बसला नाही. तो तिच्याजवळ रेंगाळत राहिला.

"माझी पण सुई उतरते," तो म्हणाला. "आठवडा झाला, उतरते. मला वाटलं काटाच खराब असेल."

"कुठेय गाडी?"

त्याने भिंतीकडेची गाडी दाखवली. बाटली अजून तिच्या हातातच होती. ती त्याच्यामागून निघाली, आणि पेटी भरणारेही एकेक करून उठून मागे आले. डबलने चढून इंजिन लावलं, हवा भरू दिली, मग किल्ली मागे फिरवली. तिने एक गुडघा टेकला आणि वर बघितलं.

"सगळे जरा गप्प राहा," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

सगळे गप्प राहिले.