बोटाखाली

"माझं बोट उचल," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आणि ठेव इथं. कोपराच्या खोलगटात."

भाचीनं मावशीच्या उजव्या हाताचं बोट उचललं. जड, कोमट, कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखं. डाव्या कोपरावर ठेवलं, वरून दाबलं.

"लागतेय शीर?" भाचीनं विचारलं.

"लागतेय."

लागत नव्हती. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली, तेव्हाच ते बोटही गेलं होतं.

त्या बोटाबद्दल थोडं. अख्ख्या इस्पितळात कुणाची शीर सापडेना की एकच हाक: मोठ्या सिस्टरांना बोलवा. त्या यायच्या, डोळे मिटायच्या, बोट फिरवायच्या. सुकलेल्या म्हाताऱ्या, नुकती जन्मलेली बाळं, भाजलेले हात. "या बाई भिंतीतूनही रक्त काढतील," डॉक्टर म्हणायचे. एक अख्खा जन्म त्या टोकावर साठत गेला. दुसरीकडे कुठेच साठला नाही.

भाची याच वॉर्डात नर्स म्हणून लागली, तेव्हापासून विचारायची.

"मावशी, कसं कळतं गं तुला?"

"कळतं."

"म्हणजे कसं?"

"बोट ठेवत जा. कळेल. घाई कसली?"

घाई नव्हती. तेव्हा.

पहिली सुई.

रक्त आलं नाही. कातडीखाली निळं टेंगूळ चढलं.

"खरं सांगू? मला जरा बाहेरच्या बाजूला लागलं होतं काहीतरी. मऊ. दाबलं की उसळत होतं."

"मग तिथं का नाही टोचलंस, बावळट?"

"तू इथं लागतेय म्हणालीस ना."

सिस्टरांच्या वाकड्या ओठातून लाळ ओघळली. भाचीनं ती पुसली.

"शोध परत. तुझं तुला लागलेलं."

भाचीनं शोधलं. एकदा, पुन्हा एकदा. "होतं गं. आत्ता होतं."

"दिवा आण."

हे सिस्टर म्हणाल्या. शिरा दाखवणारा दिवा वॉर्डात आल्यापासून ज्यांनी त्याच्यावर फक्त आपला ओला टॉवेल वाळत घातला होता, त्या.

दुसरी सुई.

दिव्याखाली शीर स्पष्ट उमटली. बाहेरच्या बाजूला. सुई गेली, सलाईन सुरू झालं.

"तिथंच होती बघ," सिस्टर म्हणाल्या. "बरोबर लागलं होतं तुला."

"जाऊ दे गं, आता दिवा आहे ना." भाचीनं हायसं होऊन घाम पुसला.

जरा वेळानं सिस्टर म्हणाल्या, "माझं बोट ठेव परत. शिरेवर. सुईच्या वर."

भाचीनं ठेवलं. "लागतेय?"

"नाही."

पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांची शीर सापडेना. आयाबाई सवयीनं ओरडल्या, "अहो, मोठ्या सिस्टरांना हाक मारा कुणीतरी!" आणि त्यांनी जीभ चावली.

सिस्टरांनी डोळे मिटून घेतले.

भाची दिवा ढकलत तिकडे धावली. मावशीचं बोट उचलून पुन्हा उशीवर ठेवायचं तिच्याकडून राहून गेलं.