जाईबाईची चिठ्ठी

"बुधवार आहे ना आज? मग पेटी कोण उघडणार?" स्ट्रेचरवरून रतनने विचारलं.

"पेटी गेली उडत," जाईबाई म्हणाली.

"अगं, सहा तास लागणार म्हणालेत डॉक्टर. भिंतीकडे बघत बसणार का? जा तू. प्राची आहे इथं."

हॉस्पिटलच्या हिरव्या कपड्यांत नवरा तिला अर्धाच वाटत होता. वर्तकनगरच्या इमारतींचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. सोसायटीचा पंपही रोज सकाळी सहाला खाली जाऊन तोच सुरू करायचा. हृदयाची झडप बदलायची म्हटल्यावर त्याने डॉक्टरांनाच व्हॉल्व्हबद्दल दोन गोष्टी समजावून सांगितल्या होत्या. जाईबाईला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. आता तोही येईना.

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. प्राचीने, लेकीने, तिला जवळजवळ ढकलूनच रिक्षात बसवलं.

चर्चच्या दाराशी विनंत्यांची लाकडी पेटी होती. आठवडाभर लोक चिठ्ठ्या टाकायचे. बुधवारच्या सभेत जाईबाई ती उघडून एकेक वाचायची, नाव न घेता. प्रत्येक चिठ्ठीनंतर सगळे म्हणायचे, "प्रभू, आमचं ऐक." अठरा वर्षं ती हे करत होती. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या चिठ्ठ्याही तीच लिहायची. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची दारू, एकदा तर हरवलेला कुत्रा. तिची स्वतःची मात्र एकही नाही.

"मागायला लाज कसली, जाईबाई?" पाळकसाहेब म्हणायचे.

"माझ्यापेक्षा गरजू लोक आहेत. त्यांचं आधी होऊ दे."

ऐकायला हे छान होतं. पण खरी गोम वेगळी होती. मागितलं आणि देव नाही म्हणाला, तर पुढे त्याच्याकडे बघायचं कसं, ही तिला भीती होती. रतनला ते कळत असावं. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," तो म्हणायचा. स्वतः मात्र नाताळ सोडला तर चर्चची पायरी चढत नसे.

त्या दिवशी सभेत तिने फोन समोर टेबलावर ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. तीन चिठ्ठ्या झाल्या. चौथी पंपाच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेली होती. कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा होता. अक्षर वाचायच्या आधीच चिठ्ठी कोणाची ते तिला कळलं.

'बायको सगळ्यांसाठी मागते, स्वतःसाठी नाही. तिला मागायला लाव. मग माझं काय व्हायचं ते होवो.'

"काय झालं, बाई?" पहिल्या रांगेतल्या तुळसाने विचारलं.

जाईबाईने चिठ्ठी खाली ठेवली. "मला रतन घरी पाहिजे," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमणार."

मग सगळे म्हणाले, "प्रभू, आमचं ऐक."

शेवटची चिठ्ठी वाचताना फोन थरथरला. प्राची होती.

"आई, ये तू. लगेच ये."

रतन घरी आला नाही.

पुढचे तीन बुधवार पेटी बंदच राहिली. किल्ली जाईबाईकडे होती आणि पाळकसाहेबांनी ती मागितली नाही. चौथ्या बुधवारी ती सभेला आली. चिठ्ठ्या इतक्या कोंबलेल्या होत्या की झाकण काढताना त्या खाली पडल्या. निम्म्या तिच्यासाठीच होत्या. रिवाजाप्रमाणे तिने नाव गाळून वाचलं, 'आमच्या एका बहिणीला बळ दे.' सगळ्यांना कळलं, तिलाही.

सगळ्या वाचून झाल्यावर तिने पर्समधून एक कागद काढला.

"सकाळी सहाला पंप सुरू झाला की मी दाराकडे बघते," तिने वाचलं. "तेवढं सोसायचं बळ दे."

मग रिवाज मोडून तिने खालचं नावही वाचलं. "जाई. रतनची बायको."

आणि कागदाची घडी घालून तो इतरांच्या चिठ्ठ्यांत ठेवला.