नजरेखालचा ड्रोन

राष्ट्रीय ड्रोन कार्यक्रमाच्या मुख्य कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर झेरॉक्स मशीन आणि जिना यांच्या मधे जी जागा उरली होती, तिला भाषा विभाग म्हणत. विभागात एक टेबल, दोन शब्दकोश आणि अनुस्वारकाका. हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत होतं. सहकाऱ्याचा रजेचा अर्ज हातात आला तरी काका आधी त्यातले राहिलेले अनुस्वार देत आणि मग तब्येतीची चौकशी करत.

देशात ड्रोन उडवायचे तर शिस्तीत उडवायचे असं ठरलं, तेव्हा बासष्ट नियम झाले. नियम खरोखर चांगले होते. प्रत्येक ड्रोनला नंबर, प्रत्येक चालकाला परवाना, शाळेवरून उडवायचं नाही, लोकांच्या गच्चीत डोकावायचं नाही. नियम सांगितले तंत्रज्ञांनी, भाषेत बसवले काकांनी. एकतीस वर्षांत काकांच्या हातून गेलेल्या एकाही कागदाला शुद्धिपत्रक काढावं लागलं नव्हतं. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. निरोपाच्या भाषणात हे वाक्य येणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण भाषण तपासायला त्यांच्याकडेच आलं होतं. त्यात त्यांनी दोन अनुस्वार दिले होते.

अशात नियम सतराबद्दल तक्रार आली. वहीचा कागद, गोल अक्षर.

‘मी नदीकाठच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. रक्ताचे नमुने ड्रोनने पलीकडच्या दवाखान्यात पाठवते. माझी उंची चार फूट अकरा इंच आहे. नियम सतराप्रमाणे ड्रोन माझ्या नजरेखाली उडवणे जमत नाही. दोन नोटिसा आल्या आहेत. तिसरी आली की परवाना जाईल. सध्या पाण्याच्या टाकीवर चढून उडवते. काय करावे ते कळवावे.’

काकांनी नियम सतरा काढला. ‘उड्डाणाच्या संपूर्ण काळात ड्रोन चालकाच्या नजरेखाली असावा.’ तंत्रज्ञांनी मुळात लिहिलं होतं, ‘ड्रोन चालकाला सतत दिसत राहील एवढ्याच अंतरावर उडवावा.’ ते काकांना फार घरगुती वाटलं होतं. ‘नजरेखाली’ हा शब्द सुचला त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन बायकोलाही तो ऐकवला होता.

“छान आहे,” ती म्हणाली होती. “पण ड्रोन वर असतो ना?”

“भाषेतलं तुला नाही कळायचं,” काका म्हणाले होते.

नियम एकसष्ट असा होता की ज्याने नियमाचे शब्द लिहिले त्यानेच जागेवर जाऊन तक्रार ऐकावी. हाही काकांनीच लिहिला होता आणि त्याचं बरंच कौतुक झालं होतं. काका गेले.

आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या. पलीकडचा दवाखाना इथूनही दिसत होता, पण पूल अजून नकाशावरच असल्यामुळे रस्त्याने जायला अडीच तास लागत. ड्रोनला चार मिनिटं. टाकी केंद्राच्या मागे होती. लोखंडी शिडीच्या तीन पायऱ्या गायब, वर कठडा नाही. सिस्टरांच्या उजव्या पायाला क्रेप बँडेज होतं.

“पडलात?” काकांनी विचारलं.

“उतरताना. चढताना लक्ष असतं,” सिस्टर म्हणाल्या. “बसा ना साहेब. आत्ता नमुने पाठवायचेत, लगेच येते.” आणि त्या लंगडत टाकीकडे निघाल्या.

शिडीपाशी ड्रोन निरीक्षक उभा होता. उंच, वाळकुडा माणूस, खिशात मोजपट्टी.

“यांना नोटिसा तुम्ही दिल्यात?” काकांचा आवाज नको तेवढा चढला. “नजरेखाली म्हणजे देखरेखीखाली, एवढं कळत नाही? डोळ्यांच्या खाली ड्रोन ठेवला तर तो उडेल की सरपटेल?”

“कळतं ना साहेब. मीही हीच भाषा बोलतो.” निरीक्षक अजिबात चिडला नाही. “माझ्या आधीचे निरीक्षक फार समजूतदार होते. प्रत्येक नियमाचा अर्थ काढायचे. ‘शाळेवरून’ म्हणजे शाळा भरलेली असताना, असा त्यांनी एकदा अर्थ काढला. ड्रोन पडला तो मैदानात. सुट्टी होती, पण पोरं खेळायला आलेली. एकाच्या खांद्याला लागलं. तेव्हापासून वरून हुकूम आहे, निरीक्षकाने अर्थ काढायचा नाही, शंका आली तर लिहून विचारायची.”

“मग विचारायची.”

निरीक्षकाने पिशवीतून फाइल काढली. तीन पत्रं होती, तिन्हींना उत्तर होतं. ‘नियम पुरेसा स्पष्ट आहे.’ खाली काकांची सही, अतिशय वळणदार.

काकांना ती पत्रं आठवली नाहीत. नियम सतराची भाषा इतकी मनासारखी झाली होती की त्याबद्दलचं पत्र वाचावं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

वर सिस्टर टाकीच्या काठाशी उभ्या राहिल्या होत्या, दुखरा पाय जरा उचलून. ड्रोन त्यांच्या गुडघ्याखालून सुटला आणि नियमात बसून नदीकडे गेला. चार मिनिटं काका शिडीचा खालचा दांडा धरून उभे होते. दांडा धरून वरच्या माणसाला काही फायदा नसतो, हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी तिथूनच संचालक मॅडमना फोन लावला.

“काका, शुद्धिपत्रक कशाला?” मॅडम प्रेमाने म्हणाल्या. “आपण खुलासा काढू. शुद्धिपत्रक म्हणजे आपलं चुकलं. खुलासा म्हणजे वाचणाऱ्याचं चुकलं. तुमचं रेकॉर्ड कशाला घालवायचं शेवटच्या महिन्यात?”

“खुलासा कधी निघेल?”

“समितीपुढे जाईल. तीनचार महिने धरा. शुद्धिपत्रकाचं तसं नाही, ते भाषा अधिकाऱ्याच्या सहीने त्याच दिवशी निघतं, पण तेवढी घाई आहे का?”

सिस्टर उतरत होत्या. गायब पायऱ्यांपाशी त्या थांबत, चांगला पाय खाली सोडत आणि हवेत चाचपडत.

“आहे,” काका म्हणाले.

मग ते तिघं केंद्राच्या ओट्यावर बसले. काकांनी पेन काढलं. एकतीस वर्षं त्यांनी नियम बंद खोलीत लिहिले होते. ते पाळणारा माणूस समोर बसलाय ही भानगड नवीन होती.

“‘ड्रोन चालकाच्या नजरेसमोर असावा,’” त्यांनी वाचून दाखवलं.

“समोर?” निरीक्षक म्हणाला. “सिस्टर बाजूला वळल्या आणि ड्रोन मागे राहिला, तर नोटीस द्यावी लागेल.”

“‘नजरेच्या टप्प्यात’?”

“टप्पा किती फुटांचा, साहेब?”

“तुम्ही घरीही असंच बोलता का हो?” सिस्टरांनी निरीक्षकाला विचारलं.

“घरी मला कोणी बोलू देत नाही.”

काकांनी तेही खोडलं. “सिस्टर, तुम्हीच सांगा. तुमच्या जागी नवीन मुलगी आली, तिला काय सांगाल?”

“मी म्हणेन, बाई गं, तो तुला सतत दिसत राहील एवढ्याच अंतरावर उडव.”

तंत्रज्ञांचं ते घरगुती वाक्य काकांनी ओळखलं. मग त्यांनी ते लिहून घेतलं. ‘बाई गं’ तेवढं वगळलं.

“चष्मा लावून दिसला तर चालेल?” निरीक्षकाने विचारलं.

“चालेल.” काकांनी कंसात चष्मा घातला.

शुद्धिपत्रक क्रमांक एक त्याच संध्याकाळी निघालं. दोन्ही नोटिसा रद्द झाल्या. निरोपाच्या भाषणातलं ते वाक्य काकांनी स्वतःच्या हाताने काढलं. त्यामुळे भाषण एका ओळीने कमी झालं आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही. घरी त्यांनी बायकोला नवीन नियम वाचून दाखवला.

“हे मलासुद्धा कळलं,” ती म्हणाली.

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. तिने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी तक्रारीचा शेवटचा कागद टेबलावर आला. ‘तक्रारदाराचे समाधान झाले का?’ या प्रश्नापुढे सिस्टरांनी ‘हो’वर खूण केली होती. खाली शेरा होता.

‘आता खालूनच उडवते. पाय बरा आहे. टाकीवरून नदी मात्र फार छान दिसायची. त्याबद्दल तक्रार नाही.’

‘नदी’वर एक अनुस्वार जास्तीचा पडला होता. काकांनी पेन उचललं, कागदाकडे पाहिलं आणि फक्त सही केली.