हात्सुएच्या तळव्यांची गुदगुली

त्सुनामीच्या लाटेने हात्सुएचं घर नेलं, कालवं सोलायची शेड नेली आणि नवरा तोकुजीही नेला. त्याला आठ महिने झाले, पण बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तात्पुरत्या घरांच्या वसाहतीत बारा नंबरच्या खोलीत ती दिवसभर बसून असायची. जमीन जराशी हलली की धावत दाराशी. कुणी विचारपूस केली की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?"

दर गुरुवारी शहरातून चिगुसा नावाची नर्स यायची. पन्नाशीची, गोलमटोल, बोलघेवडी. वसाहतीच्या सभागृहात ती टबात गरम पाणी घालून लोकांचे पाय शेकायची. मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की भांडायला उठणारी माणसं पाय शेकायला मात्र रांग लावत, आणि पाय भिजले की आपोआप बोलू लागत. हात्सुए तेवढी फिरकत नसे. शेवटी वसाहतीचे अध्यक्ष इवाबुची तिच्या दारात येऊन उभे राहिले.

"चला, हात्सुएसान. तुम्ही निघाल्याशिवाय मी हलत नाही."

"राहा उभे. कपडे वाळत घालायला खांब हवाच होता मला."

म्हातारा खरंच अर्धा तास उभा राहिला, तेव्हा ती चरफडत निघाली.

पाणी छान होतं. चिगुसा तिचे हात चोळत गप्पा मारत होती. हात्सुएचं लक्ष दाराकडेच. मग पाय पुसायला चिगुसाने तळव्यावरून टॉवेल फिरवला मात्र—

"ई ई ई!" हात्सुएचा पाय सणकन उडाला, टब उलटला आणि सगळं पाणी शेजारी जमिनीवर चहा पीत बसलेल्या इवाबुचींच्या मांडीवर!

इवाबुचींनी ओल्या पँटकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "चला, माझंही शेकून झालं."

सभागृहात एकच हशा फुटला. हात्सुए तर पोट धरून खुर्चीतून घसरली. तेवढ्यात जमीन हलली, दिवे झुलले, कप खणखणले. पण हसण्यापुढे कुणी जागचं उठेना, हात्सुएसुद्धा.

"आता दुसरा पाय!" चिगुसा म्हणाली.

"हात लावून तर बघ, बये! माझी ही खोड फक्त आमच्या ह्यांना ठाऊक होती. भांडण झालं की मेला तळवाच धरायचा. एक्केचाळीस वर्षं मला धड रुसू दिलं नाही हो…"

बोलता बोलता तिला हुंदका फुटला. "ते तिकडे थंड पाण्यात, आणि मी इथे खिदळतेय!"

"रडू नका" असं चिगुसा म्हणाली नाही. पाय टॉवेलात गुंडाळून धरत ती म्हणाली, "सांगा ना. कसे होते ते?"

हात्सुए बोलतच सुटली. तोकुजीचं घोरणं, त्याचं बेसूर गाणं. इवाबुचींनीही भर घातली, "अहो, त्याचं गाणं ऐकून मासे पळायचे!" पुन्हा हशा, पुन्हा रडू, आणि पदर नसल्याने डोळ्यांना टॉवेल.

एका दिवसात सगळं बरं होत नसतं. काही सकाळी तिला अंथरुणातून उठवायचंच नाही. मग चिगुसाबरोबर ती मुकाट्याने डॉक्टरांकडेही जाऊ लागली. पण महिन्याभराने एका गुरुवारी ती स्वतःच गरम पाण्याचा टब घेऊन तीन नंबरच्या दाराशी पोचली. आतला कुमेझो महिनोन् महिने कुणाशी बोलला नव्हता.

"कुमेझोसान, पाय बाहेर काढा! नाहीतर पाणी आत ओतते."

आतून आवाज आला, "गरम आहे का?"

"तुमच्या डोक्याहून कमी!"

दार चार बोटं उघडलं आणि भोकाचा मोजा घातलेला एक पाय हळूच बाहेर आला.