सामानाच्या लिफ्टने घरी

मुलाखत घ्यायला येणाऱ्यांचे प्रश्न मुळात दोनच असतात: आता किती घेता, आणि तेव्हा किती गरीब होता. मधे पाच-दहा प्रश्न अभिनयाचे असतात, पण ते नुसते तोंडी लावायला. पहिला प्रश्न माझा सेक्रेटरी हसण्यावारी नेतो आणि मग तो आकडा बाहेर हळूच फुटेल अशी व्यवस्था करतो. दुसऱ्याचं उत्तर मी देते. ते मला पाठ आहे.

एक खोली. आई लोकांकडे धुणीभांडी करायची. वस्तीतल्या बाकीच्या बायका आपापल्या मुलींना कामावर सोबत न्यायच्या. माझी आई मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. दिवसभर मी एकटी. मग मीच घरमालक व्हायचे, दुकानदार व्हायचे, शेजारची भांडकुदळ म्हातारी व्हायचे, सगळ्यांचे आवाज काढायचे. "माझी अभिनयाची शाळा म्हणजे ती कुलूपबंद खोली," असं म्हणून मी थांबते. इथे समोरच्याचे डोळे भरतात.

त्या कुलपाचा राग मात्र मी कधी कुणाला सांगितला नाही. बाकीच्या मुलींना कामावरच्या घरी बिस्किटं मिळायची, जुने फ्रॉक मिळायचे, दाराशी बसून टीव्ही बघायला मिळायचा. मला का नेत नाहीस, असं विचारलं की आई म्हणायची, "गप बस." एवढंच. पुढे मी तिच्यासाठी घर घेतलं, गाडी घेतली, दाताची कवळीसुद्धा परदेशातून मागवली, पण तो राग काही गेला नाही. चांगल्या घरात तो आणखी नीट टिकला.

आता माझं घर अकराव्या मजल्यावर आहे. शेजारचा फ्लॅटही घेऊन मधल्या भिंतीत दार काढलं, म्हणून बाहेरची दारं दोन. आईला विसरायला होऊ लागलं तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधली शांत खोली तिला दिली आणि नर्स ठेवली. एका सकाळी पाहते तर आई स्वयंपाकघरात उभी. कपाटातली धुतलेली भांडी काढून पुन्हा धूत होती.

"आई, अगं काय करतेस हे?"

तिने अंगावरच्या कपड्याला हात पुसले आणि बाजूला सरकली. मला वाट करून दिली. "बाई, मला आई म्हणू नका," ती म्हणाली. "मला माझी पोरगी आहे."

बोलली अगदी नम्रपणे. उगाच वाद नको, असं तिचं कामावरचं धोरण असावं.

डॉक्टर म्हणाले, तिला खोटं पाडू नका, ती जे म्हणेल त्याला हो म्हणा. तेव्हापासून मी बाई आणि ती मावशी. पंचाईत अशी की लहानपणी मी एकाही मालकिणीचं घर आतून पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे मालकीण मला अंदाजानेच उभी करावी लागली: आवाज जरा वरचा, हातात चहाचा कप, नजर दुसरीकडे. आईला त्यात काही खटकलं नाही. इतका सहज विश्वास माझ्यावर कुठल्याही दिग्दर्शकाने टाकलेला नाही.

संध्याकाळी ती दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहायची. सोफ्यावर बसायची नाही. "बाई, निघू का? पोरगी एकटी आहे घरी."

सुरुवातीला आम्ही तिला अडवलं. तिने दार धडाधडा वाजवलं, नर्सच्या हाताला चावली, एकदा पडली. शेवटी नर्सनेच युक्ती काढली. ती आईला सामानाच्या लिफ्टने खाली न्यायची, इमारतीला एक फेरी मारायची, मग दुसऱ्या लिफ्टने वर आणून शेजारच्या दाराने तिच्या खोलीत न्यायची. आईच्या लेखी घर आलं. आई पहिल्याच दिवशी कुलूप शोधायला लागली, म्हणून त्या दाराला बाहेरून कुलूपही लावलं. इमारतीचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, एवढ्या भारी दाराला हे शोभत नाही." मी म्हटलं, शोभायला लावलेलं नाही. पलंगावर नर्स एक लोड ठेवायची आणि त्यावर डोक्यापर्यंत चादर ओढायची. "पोरगी झोपलीय हं, मावशी," असं हळूच सांगायची. आई पलंगाच्या कडेला बसून त्या लोडावर हात ठेवायची आणि गप्प व्हायची.

वर्षभर हे असं चाललं. मला काही वाटेनासं झालं होतं. सकाळी शूटिंग, संध्याकाळी मालकीण. कॅमेऱ्यापुढेही तेच. माझ्या मुलाचं प्रेत आणतात असा एक प्रसंग होता, त्यात मी नुसती भिंतीकडे बघत बसले, कारण दुसरं काही आतून आलंच नाही. समीक्षकांनी त्याला संयम म्हटलं आणि मला त्याबद्दल बक्षीस मिळालं. ते घ्यायला मी गेले, हसले, आईचे आभार मानले.

मग डॉक्टरांनी सांगितलं की आता बोलणंही जाईल. कधी ते सांगता येणार नाही, पण जाईल. त्या दिवशी मला कळलं की मला एक गोष्ट हवी आहे. तिने मला एकदा ओळखायला हवं होतं. जगात सगळे ओळखतात, भाजीवाला ओळखून दोन पैसे जास्तच लावतो, आणि हिने मला बाई म्हणत मरायचं, हे मला नको होतं.

आता दुसरी कुणी लेक असती तर जुने फोटो घेऊन बसली असती. मी नटी. मी मेकअपदादाला बोलावलं. हा माझ्या पहिल्या सिनेमापासून माझ्यासोबत आहे.

"दादा, मला आठ वर्षांची कर."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "नाटक आहे का कुठे?"

"घरगुती."

त्याने माझ्या दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या, गळ्यावरच्या सुरकुत्या जमेल तेवढ्या झाकल्या. फ्रॉक कपडेपटातून आला. मी स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली.

आई फडकं घेऊन आली, मला पाहून थांबली. फडकं खाली ठेवलं. "बाई, बरं वाटत नाही का?"

"आई, मी आहे," मी लहान मुलीच्या आवाजात म्हणाले. तो आवाज मला छान जमतो. "बघ ना माझ्याकडे."

ती भिंतीचा आधार घेत कशीबशी माझ्यासमोर बसली. एक रिबीन हातात धरून पाहिली.

"छान बांधलीय," ती म्हणाली. "माझ्या पोरीला कुठल्या वेण्या, बाई. टकली करून ठेवलीय मी तिला. उवा फार व्हायच्या. मी अंधारात घर सोडते, तिची वेणी कोण घालणार?"

टकली. मला हाक मारायची ती तीच, टकले. ती हाक माझ्या डोक्यातून साफ गेली होती. फार पूर्वी एका मुलाखतीत मी दोन वेण्या आणि लाल रिबिनी सांगितल्या होत्या, ऐकायला बरं वाटतं म्हणून. पुढे त्या प्रत्येक लेखात आल्या आणि मलाही खऱ्या वाटू लागल्या. शिवाय आता माझे केस केशतेलाच्या कंपनीच्या मालकीचे. करारात लिहिलंय, त्यांना विचारल्याशिवाय बोटभरही कापायचे नाहीत. एवढ्या केसांखाली टकली कुठे आठवणार? विसरायला आईला झालंय असं सगळे म्हणत होते, आणि माझं लहानपण तिच्याकडेच शाबूत होतं.

मी माझा नेहमीचा, मालकिणीचा आवाज लावला. "मावशी, मग आणा ना तिला एकदा इकडे. एकटीच असते म्हणता."

"नाही बाई." उत्तर लगेच आलं.

"का? बाकीच्या आणतात की."

"आणतात." ती फडक्याची घडी घालू लागली. "आधी पोर नुसती बसते. मग कुणी म्हणतं, एवढा कप उचल गं. मग हातात फडकं देतात. वाईट नसतं बाई कुणी. खाऊही देतात. पण पोरीला वाटायला लागतं, आपण ह्याच कामाच्या. आमच्या शेजारणीची पोर बघा, कुणीही हाक मारली की आधी उठून उभी राहते. माझी नाही राहायची."

"पण कोंडून ठेवायचं म्हणजे..."

"रडते ना. दारावर लाथा मारते. मी जिन्यात थांबते जरा, आवाज बंद झाला की जाते." तिने फडकं मांडीवर ठेवलं. "मारू दे लाथा."

इतकी वर्षं विचारत होते ते मला असं कळलं, फरशीवर, लाल रिबिनी बांधून, मालकीण म्हणून. मुलीला ते तिने कधीच सांगितलं नसतं. सिनेमात असतं तर इथे मी तिच्या गळ्यात पडले असते. माझ्याने हात उचलवला नाही. मला फक्त लाज वाटली, आणि तीसुद्धा लांबून.

"उशीर झाला, मावशी," मी म्हणाले. "निघा तुम्ही."

नर्स तिला घेऊन गेली. सामानाच्या लिफ्टचा खडखडाट ऐकला आणि मी उठले. रिबिनी ओढून काढल्या, वेण्या सोडल्या, मधल्या दाराने तिच्या खोलीत गेले. पलंगावरचा लोड उचलून कपाटात कोंबला आणि त्याच्या जागी आडवी झाले, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. चादर डोक्यावर ओढली.

ती फेरी मला नेहमी लहान वाटायची. आतून फार लांब वाटली. मग बाहेर कुलूप निघाल्याचा आवाज आला.

"पोरगी झोपलीय हं, मावशी," नर्स म्हणाली. चादरीखाली काय आहे ते तिच्या लक्षात आलं असणार, कारण ती क्षणभर थबकली आणि मग दार ओढून घेऊन गेली.

आई पलंगाच्या कडेला बसली. तिच्या बसण्याने गादी जराशी दबली. बराच वेळ ती पाय चोळत होती.

"आज बाईंनी वेण्या घातल्या होत्या," ती हळू आवाजात सांगू लागली. माझ्या लहानपणी कामावरून आली की ती अशीच सांगायची, मला झोप लागली आहे असं समजून. "एवढी मोठी बाई आणि फ्रॉक घालून खाली बसली. वेडीच. पण चांगली आहे गं. एवढं घर आहे, आणि विचारणारं कुणी नाही. मी निघाले की बघत उभी राहते."

मी हललेसुद्धा नाही. तिचा हात चादरीवरून माझ्या डोक्यापर्यंत आला, मग चादरीच्या आत शिरला आणि केसांवर थांबला. लोडाला केस नसतात आणि टकलीलाही नसतात. आता ती ओरडेल, नर्सला बोलावेल, असं मला वाटलं.

तिची बोटं केसांतून खाली येत राहिली, टोक सापडेपर्यंत.

"केस आले गं तुला, टकले," ती म्हणाली. "केवढे वाढलेत. मला बघायलाच झालं नाही." मग कामाचं ठरवावं तशी म्हणाली, "उद्या कापून टाकू."

"हो, आई," मी म्हणाले.

आई म्हणू नका, असं ती ह्या वेळी म्हणाली नाही.